गुडघ्यावर काळी माती : औषध की नुसता शेक?

रंकाळाकाठ : आईच्या गुडघ्यांना एका उपचार केंद्रात दहा दिवस मातीचा लेप लावून आणला. चाळून रात्रभर भिजवलेली काळी माती, गरम करून बोटभर जाड थापायची, वर सुती कापड, वर घोंगडं. जिना चढताना तिला बरं वाटतंय, हे खोटं नाही. पण "माती अंगातली विषं ओढून घेते" हे तिथलं पालुपद मला पचलं नाही. काम उष्णतेनं केलं आणि श्रेय मातीनं लाटलं. घरातली रबरी पिशवी तेच करील. मग एवढे पैसे कशाचे?

तांबडा_हौद : भावा, पिशवीची आन मातीची बरोबरी? तालमीत हौदात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून माती मळतो आम्ही. कुस्ती सुटली की घामावर तीच चोळायची. अंग कसं हलकं होतंय! शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदान बांधलं ते मातीसाठीच, गादीसाठी न्हवं.

भेगाळ_रान : दोघंही थोडे चुकताय. (माझं शिक्षण मृदाशास्त्राचं, त्यामुळं हे लांबणार.) आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची, तिच्यात माँटमोरिलोनाइट भरपूर. या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि ते फुगतं. वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात शिरोळकडच्या रानात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळंच. लेपात पाणी असं धरून ठेवलेलं असतं, खेळत नाही, म्हणून उष्णता कातडीकडं हळूहळू जाते. पिशवी आधी चटका देते, मग गार पडते. तेव्हा रंकाळाकाठ, शेकच आहे हे मान्य, पण तो इतका सावकाश मिळतो तो मातीमुळं.

तांबड्या मातीत केओलिनाइट हे दुसरं खनिज आणि लोहाची ऑक्साइडं जास्त. ती फारशी फुगत नाही, चिकटत नाही, म्हणून कुस्तीला झकास. लेपाला मात्र लवकर वाळते. आयन अदलाबदलीची क्षमता, म्हणजे विद्युतभार असलेले कण धरायची-सोडायची ताकद, बघा (मिलीइक्विव्हॅलंट हे तिचं माप) : १०० ग्रॅमला केओलिनाइटची ३ ते १५ मिलीइक्विव्हॅलंट, माँटमोरिलोनाइटची ८० ते १५०. पण ही अदलाबदल मातीला जे टेकतं त्याच्याशी. घाम, तेल, मळ. रक्तातली घाण काढायला मूत्रपिंडं आहेत.

तांबडा_हौद : ताक-हळदीचं काय मग? आमच्यात कुणाला खरूज न्हाई.

रात्रपाळी : दादा, गजकर्ण पैलवानांत एकमेकांच्या अंगाला अंग लागून पसरतं, ते माती थांबवत नाही. मी वॉर्डात काम करते, माझी तक्रार वेगळीच आहे. मधुमेहाच्या एका आजोबांनी घरी गरम माती पावलावर बांधली. पायाला संवेदना नाही, चटका कळलाच नाही. सोडलं तेव्हा टाच फोडांनी भरलेली. आणि उघड्या जखमेवर माती? धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. पंचगंगेचा गाळ आणून लावणाऱ्यांना तर मी हात जोडते.

पोटात घेणाऱ्यांसाठी : २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बाजारातल्या बेंटोनाइटच्या (माँटमोरिलोनाइट भरपूर असलेल्या मातीच्या) पुड्यांत शिसं सापडल्याचा इशारा दिला होता. जुलाबावर स्मेक्टाइटची (माँटमोरिलोनाइटच्या गटातल्या मातीची) शुद्ध केलेली औषधं असतात, पण ती दुसऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर त्या गोळ्याही धरून ठेवतात.

रंकाळाकाठ : म्हणजे ओढून घेते हे खरं, पण आपल्याला नको ते!

चाकावरचा : मी कुंभार. गणपती झाले की बायका शाडू मागायला येतात, तोंडाला लावायला. शाडू गुजरातेतनं येतोय, तोंडासाठी कुणी तपासलेला नसतोय. वर आमच्याकडं रंगाची भुकटी सांडलेली असते. मी देत न्हाई. मातीनं कातडी मऊ होते म्हणता? रोज आठ तास मातीत हात असतात माझे. थंडीत बोटांच्या पेरांना चिरा पडतात, रात्री खोबरेल लावून मोजे घालून झोपतो. माती पाण्याबरोबर कातडीचं तेलबी पितीया.

तांबडा_हौद : म्हणून तर आम्ही तेल घालून मळतो, चाकवाले!

रात्रपाळी : रंकाळाकाठ, आईंना साखर आहे का? ते आधी सांगा.

रंकाळाकाठ : आहे, ताई. उद्या बांधणार होतो, आता थांबतो.