उघड्यावर मुक्काम : आर्क्टिक उड्डाणासाठी सेसना १८० ची तयारी

उत्तरवारा :
मी अलास्कातल्या फेअरबँक्सला राहतो. येत्या मार्चमध्ये सेसना १८० हे माझे छोटे एकइंजिनी विमान घेऊन ब्रूक्स पर्वतरांग ओलांडून उत्किआग्विकला जाण्याचा विचार आहे. वाटेत बेटल्सला मुक्काम करताना विमान उणे ३० अंशांत उघड्यावर राहील, असे मी धरून चाललो आहे. सिलिंडरना विजेचे हीटर बसवलेले आहेत. तेवढे पुरेसे आहेत का, आणि आणखी कशाची तयारी करावी?

पानाहातोडा :
तेवढे पुरेसे नाहीत. सिलिंडर ऊबदार असले की इंजिन चटकन सुरू होते, आणि खरा धोका तिथेच आहे. क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच) ॲल्युमिनियमचा व क्रँकशाफ्ट (त्यात फिरणारा मुख्य दांडा) पोलादाचा असतो. थंडीत ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त आकसत असल्यामुळे बेअरिंगमधली तेलासाठीची फट अरुंद होते, आणि नेमके त्याच वेळी तेलही घट्ट झालेले असते. सेसना १८० च्या ओ-४७० इंजिनासाठी कॉन्टिनेंटल कंपनी उणे ७ अंशांखाली प्रीहीट (सुरू करण्यापूर्वी गरम) करायला सांगते. तेव्हा तेलाच्या संपलाही (तळाच्या टाकीलाही) हीटर लावा, काउलिंगवर (इंजिनाभोवतीच्या झाकणावर) जाड रजई घाला आणि संपूर्ण इंजिन आतपर्यंत तापेल इतके तास द्या. वीज नसेल तिथे इंधनावर चालणाऱ्या हीटरची गरम हवा नळीने काउलिंगखाली सोडता येते, मात्र त्या वेळी अग्निशामक हाताशी ठेवून कोणीतरी तिथेच थांबले पाहिजे.

दुसरी गोष्ट ब्रीदर नळीची. क्रँककेसमधली वाफ या नळीतून बाहेर पडते. बाहेरच्या टोकाशी ती गोठून बूच बसले, तर आतला दाब वाढून क्रँकशाफ्टचे पुढचे सील निसटते आणि उडता उडता तेल वाहून जाते. नळीला उष्णतारोधक वेष्टन हवे, आणि काउलिंगच्या आत, उबेत राहील अशा जागी, तिला पर्यायी छिद्र हवे; हा बदल परवानाधारक मेकॅनिककडूनच करून घ्यावा.

बर्फवाट :
बॅटरी रात्री काढून घरात घ्यावी; पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ३० अंशांत गोठत नाही, उतरलेली मात्र गोठते. १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल या थंडीत गोठत नाही, पण त्यातल्या पाण्याचा बर्फ होऊन इंधनाची वाट अडते. म्हणून पिंपातून भरताना ते गाळून घ्यावे. केबिनला मिळणारी ऊब इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या मफलरभोवतीच्या हवेची असल्याने मफलरला तडा नाही ना, हे निघण्यापूर्वी तपासावे आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवावे. पंखांवर आच्छादन घालावे. तरीही दंव साचलेच, तर ते पूर्ण काढल्याशिवाय उड्डाण करू नये.

ध्रुवमत्स्य :
अलास्काच्या कायद्यानुसार प्रत्येक प्रवाशासाठी आठवडाभराचे अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी व आग पेटवण्याचे साधन विमानात असावे लागते, आणि १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात त्याखेरीज बर्फावर चालायचे जोडे आणि स्लीपिंग बॅगही लागते. १९२७ मध्ये संशोधक विल्किन्स आणि वैमानिक आइल्सन यांचे एकइंजिनी विमान उत्किआग्विकजवळच्या पॉइंट बॅरोच्या उत्तरेला इंधन संपून समुद्रावरच्या बर्फावर उतरले, आणि दोघांना किनाऱ्यापर्यंत पायी यावे लागले. हिमदंशामुळे आइल्सन यांचे एक बोट गेले. माझा आग्रह असा, की काडेपेटी, चाकू आणि उपग्रहाला संदेश देणारा बीकन सामानात न ठेवता अंगावरच्या कपड्यांच्या खिशात असावा, कारण विमानाने पेट घेतला तर मागचे सामान हाती लागत नाही.