डेरिव्हेटिव्ह : अनुजात, साधित की व्युत्पन्न?

लेखणीबहाद्दर : कॅन्सरवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. 'अँटी-इस्ट्रोजेन औषधाची डेरिव्हेटिव्ह्ज' इथे गाडी अडली. (इस्ट्रोजेन म्हणजे स्त्री-संप्रेरक, आणि औषध म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन.) 'साधित' लिहावं तर व्याकरणाचा तास आठवतो, 'व्युत्पन्न' म्हणजे पंडित. सुचवा काहीतरी.

रसशाळा : 'अनुजात'. विश्वकोशातही हाच आहे. मूळ रेणूचा सांगाडा तोच, एखादा अणुगट बदललेला. टॅमॉक्सिफेनच्या इथाइल गटाच्या टोकाला एक क्लोरीन लावला की टोरेमिफेन. फरक एवढाच.

लेखणीबहाद्दर : आणि टॅमॉक्सिफेनपासून शरीरातच तयार होणारं एंडॉक्सिफेन?

रसशाळा : रचनेने तेही अनुजातच. पण ते यकृतातली विकरं (एन्झाइम्स) बनवतात, म्हणून 'चयापचयज' (मेटाबोलाइट) जास्त नेमकं. मात्र तेच प्रयोगशाळेत बनवून वेगळं औषध म्हणूनही तपासलं गेलंय. तुमच्या लेखात तो संदर्भ असेल तर सरळ 'एंडॉक्सिफेन' लिहा, वाचकाला कोड्यात टाकू नका.

पायवाट : मला डेरिव्हेटिव्हपेक्षा 'अँटी' खटकतोय. 'इस्ट्रोजेनविरोधी' कृपया नको. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशींमधल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसून इस्ट्रोजेनची वाट अडवतं खरं, पण गर्भाशयाच्या अस्तरात तेच इस्ट्रोजेनसारखं वागतं. तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो तो त्यामुळेच. रजोनिवृत्तीनंतर हाडांना मात्र त्याचा फायदा होतो. म्हणजे एका अवयवात वैरी, दुसऱ्यात सोयरा! त्याचा इतिहासही असाच उलटसुलट. १९६२ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी ते बनवलं तेव्हा शोध चालला होता संततिनियमनाच्या गोळीचा. स्त्रियांमध्ये त्याने उलट बीजमोचनाला (ओव्ह्युलेशनला) चालनाच दिली. म्हणून 'स्तनपेशींत इस्ट्रोजेनरोधक' असं जागा सांगून लिहा. थोडं लांबतं, पण खोटं होत नाही.

लेखणीबहाद्दर : पटलं. पण पुढे फेरोसिफेन येतंय. टॅमॉक्सिफेनमधलं एक फेनिल (सहा कार्बनांचं) कडं काढून तिथे लोह असलेला फेरोसीन गट बसवलाय. प्रयोगशाळेत ही संयुगं इस्ट्रोजेनग्राही नसलेल्या कॅन्सरपेशीही मारतात. ग्राहीच नाही तर रोधक कसलं?

पायवाट : मग तिथे 'रोधक' गाळाच. 'टॅमॉक्सिफेनचे फेरोसीनयुक्त अनुजात' लिहा. कूळ कळतं, कामाबद्दल काही वदवून घेतलं जात नाही.

रसशाळा : अनुमोदन. फक्त 'नवे उपचार' लिहिण्याआधी बघा, पेशींवरचे प्रयोग म्हणजे उपचार नव्हेत. 'संभाव्य' हवंच.

लेखणीबहाद्दर : शीर्षकात 'संभाव्य' आणि 'अनुजात' दोन्ही घेतो. संपादक एक उडवतील, तेव्हा परत येईन.