मदत हवी आहे: रेव्हिटच्या उपकरण शेड्यूलमधला एक रकाना अर्धाच भरतो

उद्यमनगरवाला: कोल्हापुरातल्या एका चार मजली रुग्णालयाच्या वातानुकूलनाचे मॉडेल मी रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असून मेकॅनिकल इक्विपमेंटच्या शेड्यूलमध्ये (मॉडेलवरून भरणाऱ्या तक्त्यात) ‘कूलिंग क्षमता’ हा स्वतःचा रकाना जोडला आहे. २७ यंत्रांपैकी १६ ओळींत आकडा येतो, ११ कोऱ्या राहतात. कोऱ्या ओळीतले यंत्र निवडून टाइप प्रॉपर्टीज (त्या प्रकारच्या यंत्राचे गुणधर्म) उघडल्या की आकडा तिथे व्यवस्थित दिसतो. सोमवारी निविदेचे कागद द्यायचे आहेत, कृपया लवकर सांगावे.

रंकाळाकाठ: रेव्हिटची आवृत्ती कोणती आणि पॅरामीटर (रकान्यात येणारा गुणधर्म) फॅमिली (यंत्राच्या नमुना-फाइलमधला), प्रोजेक्ट (फक्त या प्रकल्पातला) की शेअर्ड (सामायिक फाइलमधून घेतलेला), यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. साधा फॅमिली पॅरामीटर प्रॉपर्टीजमध्ये दिसतो, परंतु शेड्यूलमध्ये घेता येत नाही.

जुना ड्राफ्ट्समन: ११ ओळींसाठी एवढा खटाटोप कशाला? तक्ता एक्सेलमध्ये करून शीटवर चिकटवावा. आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने तक्ते काढत होतो आणि इमारती उभ्या राहिल्याच.

उद्यमनगरवाला: आवृत्ती २०२३. पॅरामीटर अर्थातच शेअर्ड आहे, नाहीतर १६ ओळी तरी कशा भरल्या असत्या? एक्सेलचे म्हणाल, तर २०१९ च्या महापुराची धास्ती घेतलेल्या मालकांनी तळघरातली यंत्रे गच्चीवर न्यायला सांगितली, पुढे त्यातली काही पुन्हा पहिल्या मजल्यावर आणवली. प्रत्येक वेळी शेड्यूलमधला लेव्हलचा रकाना आपोआप बदलला. हाताने केलेल्या तक्त्यात हे कोण सांभाळणार?

शाहूपुरीकर: त्यापेक्षा मेकॅनिकल इक्विपमेंट या कॅटेगरीला नवा प्रोजेक्ट पॅरामीटर जोडावा आणि आकडे शेड्यूलमध्येच टाइप करावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

रंकाळाकाठ: पाच मिनिटांत होईल, पण साधा प्रोजेक्ट पॅरामीटर टॅगमध्ये (नकाशावरच्या लेबलात) घेता येत नाही. नकाशावर यंत्राशेजारी क्षमता लिहायची वेळ आली की पुन्हा शेअर्डकडेच यावे लागेल.

गार वारा: बेरीज टन ऑफ रेफ्रिजरेशन या कूलिंग क्षमतेच्या एककात हवी असल्यास १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट हे ध्यानात ठेवावे. कॅल्क्युलेटेड व्हॅल्यूच्या (सूत्राने काढलेल्या रकान्याच्या) सूत्रात एककांचा मेळ बसला नाही, तर रेव्हिट सूत्र स्वीकारत नाही.

उद्यमनगरवाला: बेरजेचे मी विचारलेच नव्हते. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली: कोऱ्या ओळींतल्या फॅमिली आमच्या पुण्याच्या सहकाऱ्याने केल्या आहेत. पॅरामीटरचे नाव मात्र अक्षरशः तेच आहे.

रंकाळाकाठ: मग गाठ तिथेच आहे. रेव्हिट शेअर्ड पॅरामीटर नावावरून नव्हे, तर त्याच्या जीयूआयडीवरून (प्रत्येक पॅरामीटरच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून) ओळखते. सहकाऱ्याने तुमची शेअर्ड पॅरामीटर फाइल न घेता स्वतःच्या फाइलमध्ये त्याच नावाचा पॅरामीटर केला असेल, तर रेव्हिटच्या लेखी ते दोन निराळे पॅरामीटर आहेत. फील्ड्सच्या (शेड्यूलमध्ये घेता येणाऱ्या रकान्यांच्या) यादीत ‘कूलिंग क्षमता’ दोनदा दिसते का पाहा. दोन्ही घेतल्यास एका रकान्यात १६ आणि दुसऱ्यात ११ आकडे यायला हवेत.

उद्यमनगरवाला: अगदी तसेच आले! आता हे दोन रकाने एक कसे करावेत?

रंकाळाकाठ: प्रत्येक फॅमिली उघडून फॅमिली टाइप्समध्ये तो पॅरामीटर आधी साध्या फॅमिली पॅरामीटरमध्ये बदलावा आणि मग कार्यालयाच्या फाइलमधला शेअर्ड पॅरामीटर त्याच्या जागी निवडावा. डेटा टाइप सारखाच असेल तर आकडे आणि सूत्रे टिकतात. प्रकल्पात लोड करताना पॅरामीटरच्या मूल्यांसह ओव्हरराइट करण्याचा पर्याय घ्यावा. मात्र जे आकडे फॅमिलीत नसून थेट प्रकल्पात बदललेले असतील ते यात पुसले जातील, म्हणून आताचे शेड्यूल आधी टेक्स्ट फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवा.

जुना ड्राफ्ट्समन: ती टेक्स्ट फाइल शेवटी एक्सेलमध्येच उघडणार ना?

उद्यमनगरवाला: उघडली, आणि बरे झाले! ११ यंत्रे चारच फॅमिलींची निघाली. तीन बदलून झाल्या, आता २३ ओळी भरल्या आहेत. चौथ्या फॅमिलीतले दोन आकडे साइटवरच्या बैठकीनंतर थेट प्रकल्पात बदललेले होते, ते त्या फाइलमधून पाहून घालतो आहे. सहकाऱ्याला आमची पॅरामीटर फाइल आत्ताच पाठवली.