‘कॉप-आउट’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न – तळटीप

एका अमेरिकन मालिकेची मराठी उपशीर्षकं करायची आहेत. प्रसंग असा: वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना कुणी सांभाळायचं यावर बहीण-भावाची बोलणी चाललीत. भाऊ म्हणतो, ‘आई म्हणेल तसं करू.’ त्यावर बहीण ताडकन म्हणते, ‘दॅट्स अ कॉप-आउट, अँड यू नो इट.’ पुढे त्याच भागात एक जण कादंबरीबद्दल म्हणतो, ‘द एंडिंग वॉज अ कॉप-आउट.’

शब्दकोशातलं ‘जबाबदारी टाळणे’ बहिणीच्या तोंडी घातलं तर सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. दोन्हीकडे ‘पळवाट’ चालेल का? ‘ऑप्ट आउट’, ‘बॅक आउट’ यांहून हा शब्द कसा वेगळा? आणि यातला ‘कॉप’ म्हणजे पोलीस का?

उत्तर – शब्दवेल्हाळ

नुसतं काम न करणं म्हणजे कॉप-आउट नव्हे. तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. माणसावर काहीतरी येऊन पडलेलं असतं: निर्णय, उत्तर किंवा अवघड काम. तो ते टाळतो. आणि टाळताना वरून बरं दिसेल असं काहीतरी पुढे करतो. ही तिसरी गोष्ट नसेल तर तो निव्वळ आळस किंवा कामचुकारपणा. तुमच्या प्रसंगातला भाऊ ‘मी नाही सांभाळणार’ म्हणाला असता तर बहिणीने हा शब्द वापरलाच नसता. ‘आई म्हणेल तसं’ हे ऐकायला आज्ञाधारकपणाचं वाटतं, म्हणूनच ते कॉप-आउट.

‘ऑप्ट आउट’मध्ये दोष अजिबात नाही. आपल्याला असलेला पर्याय वापरून बाहेर पडणं, एवढंच. ‘बॅक आउट’ म्हणजे आधी हो म्हणून मग माघार घेणं. ‘चिकन आउट’ म्हणजे भीतीने शेपूट घालणं. कॉप-आउट हा मात्र कायम आरोप असतो, त्यामुळे ‘यू नो इट’ला धार येते.

व्याकरणाचं म्हणाल तर नाम जोडरेघ देऊन लिहितात आणि आघात ‘कॉप’वर येतो. क्रियापद दोन सुटे शब्द, आघात ‘आउट’वर, कशातून अंग काढलं ते सांगायला पुढे ‘ऑफ’ लागतो. शब्द बोलीतला आहे. ऑफिसच्या पत्रात, विशेषतः वरिष्ठांना लिहिताना, वापरू नये. तिथे तो उद्धट वाटतो.

उत्तर – जुनी वही

‘कॉप’बद्दल. पोलिसाशी नातं आहे, पण चुलत. उत्तर इंग्लंडच्या बोलीत ‘कॉप’ हे क्रियापद होतं, अर्थ पकडणे. पकडणारा तो ‘कॉपर’, त्याचं आखूड रूप ‘कॉप’. तांब्याची बटणं किंवा ‘कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल’ची आद्याक्षरं या व्युत्पत्त्या नंतर रचलेल्या आहेत, त्या सोडून द्या.

‘कॉप-आउट’ बहुधा ‘कॉप अ प्ली’वरून आला. १९२०च्या दशकातली ही अमेरिकन गुन्हेगारी बोली: मोठ्या आरोपाचा खटला टाळण्यासाठी लहान गुन्हा कबूल करून टाकणं. आपल्याकडेही २००६पासून फौजदारी प्रक्रियेत प्ली बार्गेनिंगची तरतूद आहे, तीच कल्पना. थोडक्यात सुटायचं, खऱ्या मुद्द्याला सामोरं जायचं नाही. ही छटा १९४०च्या दशकात ‘कॉप-आउट’ या नामात दिसते, आणि १९६०च्या दशकातल्या तरुणांनी तो शब्द सर्वतोमुखी केला.

एक सावधगिरी. ‘कॉप टू’ म्हणजे कबूल करणं आणि ऑस्ट्रेलियातलं ‘कॉप इट स्वीट’ म्हणजे कुरकुर न करता शिक्षा सोसणं. दोन्ही जवळपास उलट अर्थाचे. ‘कॉप’ दिसला की टाळणं असं धरून चालाल तर संवादाचा अर्थच फिरेल.

उत्तर – काठपदर

मला यात ‘पासिंग द बक’ही दिसतं, कारण भाऊ निर्णय आईकडे सरकवतोय. तो वाक्प्रचार पोकरमधला. पत्ते वाटायची पाळी कुणाची हे दाखवणारी खूण म्हणजे ‘बक’. नको असेल तर ती पुढच्याकडे सरकवायची. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावरची ‘द बक स्टॉप्स हिअर’ ही पाटी त्यावरूनच. ओक्लाहोमातल्या एल रिनोच्या सुधारगृहात बनवलेली ती पाटी त्यांना १९४५च्या ऑक्टोबरमध्ये मिळाली. मागच्या बाजूला, म्हणजे ट्रुमन यांना दिसेल अशी, ‘आय अ‍ॅम फ्रॉम मिझुरी’ ही अक्षरं होती.

फरक इतकाच की ‘बक’ सरकवायला समोर दुसरा माणूस लागतो. त्याला आपलं ‘टोलवाटोलवी’ किंवा ‘खो देणं’ चपखल बसतं. कॉप-आउट एकट्यालाही करता येतं.

आता मराठी शब्द. ‘पळवाट’ला मी दोन्हीकडे नको म्हणेन. पळवाट ही कायद्यात, नियमात आधीच असते, माणूस ती शोधतो. ‘काखा वर करणं’ म्हणजे जमणार नाही असं उघड सांगणं. इथे उघडपणाच नाही. ‘कानावर हात ठेवणं’ म्हणजे मला ठाऊकच नाही म्हणणं. ‘खापर फोडणं’ हे काम बिघडल्यावर. ‘हात झटकणं’ जवळचं, पण त्यात बरं दिसण्याची धडपड नाही. राजकारण्याच्या गुळमुळीत उत्तराला कुणी कॉप-आउट म्हटलं तर ‘नरो वा कुंजरो वा’ सुंदर बसेल. भावाला मात्र ते जड होईल.

तुमच्या प्रसंगासाठी ‘ढकलून मोकळं होणं’ घ्या. ढकलण्यात टाळणं आलं आणि ‘मोकळं होण्यात’ ती सुटल्याची भावना.

तळटीप

‘ढकलून मोकळं होणं’ घेतलं. पण कादंबरीच्या शेवटाला ते लावता येणार नाही. ‘शेवट गुंडाळला’ चालेल?

उत्तर – शब्दवेल्हाळ

गुंडाळला म्हणजे घाईने उरकला. तो दोष वेगळा. कॉप-आउट शेवट निवांत, पन्नास पानं घेऊनही लिहिता येतो. तीनशे पानं दोन पात्रांना समोरासमोर आणायचं, आणि ऐन वेळी एकाला अपघातात मारायचं किंवा सगळं स्वप्न होतं म्हणायचं. तिथे लेखक स्वतःच उभ्या केलेल्या प्रश्नाला भिडत नाही. त्याला ‘कच खाल्ली’ म्हणा. नाम हवंच असा हट्ट धरू नका, मराठी अशा जागी क्रियापदावर चालते.

बहीण: ‘आईवर ढकलून मोकळा होतोयस. कळतंय तुलाही.’

वाचक: ‘शेवटी लेखकाने कच खाल्ली.’

पहिल्यात ‘तू’ गाळलाय, क्रियापदात तो आहेच. ‘आणि’ही मुद्दाम टाकला नाही, इंग्रजीतला ‘अँड’ इथे जोडत नाही, टोचतो. मराठीत ते काम पूर्णविराम करतो. बहिणीची ओळ एका दमात वाचता येते का, एवढं मात्र पडद्यावर लावून पाहा. वाक्य पुरं व्हायच्या आत कॅमेरा भावाच्या चेहऱ्यावर जात असेल तर ‘कळतंय तुलाही’ हे तेवढं दुसऱ्या उपशीर्षकात टाका.