किल्ली फिरवायची घाई नको
तुमच्या वडिलांनी विकलेली प्रीमियर पद्मिनी गाडी इतक्या वर्षांनी सापडली हे वाचून हेवाच वाटला! पण नुसत्या नंबरप्लेटवर विसंबू नका, चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) जुन्या आरसी बुकाशी ताडून बघा. इंजिन मूळचं १०८९ सीसीचं होतं, ते बदललेलं निघालं तरी हिरमुसू नका.

‘उद्याच स्टार्ट मारतो’ म्हणताय, ते मात्र नको. पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरचे जेट (इंजिनाला पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) तुंबवतं. टाकी रिकामी करा, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि मग इंजिन हाताने फिरतंय का बघा. ब्रेकची रबरं डोळे झाकून बदला. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा: २३०८ म्हणजे २००८चा तेविसावा आठवडा. असल्या जुन्या टायरवर गाडी फाटकाबाहेरही नको.

रंगाचं नंतर बघू. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याची मूठ वडिलांच्या हाताने घासून गुळगुळीत झाली असेल, ती तशीच राहू द्या (मेकॅनिक नवी चकचकीत बसवायला टपलेले असतात). सीटचं जुनं कापडही टाकू नका, नवं शिवताना नमुना म्हणून लागेल.