हवेसापेक्ष वेग आणि मापकावरचा आकडा

मागून वारा असला की विमानाचा वेग वाढतो, मग उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने का करतात, असा प्रश्न पडू शकतो. त्यात जमिनीसापेक्ष आणि हवेसापेक्ष असे दोन वेगळे वेग एकत्र झाले आहेत. विमान उचलणारे बल पंखांवरून हवा किती वेगाने वाहते यावर अवलंबून असते, जमिनीवरच्या वेगावर नव्हे. ज्या विमानाला उचलण्यासाठी १४० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) लागतात, त्याला समोरून २० नॉटचा वारा मिळाल्यास जमिनीवर १२० नॉट पुरतात आणि धावपट्टीही कमी लागते.

मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की कॉकपिटमधला वेगमापक वेग थेट मोजतच नाही. विमानाबाहेर पुढे तोंड करून बसवलेल्या पिटो नळीच्या तोंडाशी अडलेल्या हवेचा दाब आणि भोवतालचा स्थिर दाब यांतील फरक तो नॉटमध्ये दाखवतो. त्यामुळे ३५,००० फुटांवरच्या विरळ हवेत प्रत्यक्षात साडेचारशे नॉटच्या आसपास जाणाऱ्या जेट विमानाचा मापक जेमतेम २६०-२७० दाखवतो. हा बिघाड नव्हे. पंखांनाही साधारण तेवढाच दाब जाणवत असल्याने स्टॉल (पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून उचलणारे बल कोसळणे) टाळण्यासाठी पायलटला हाच आकडा उपयोगी पडतो.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात अटलांटिकवर बर्फाच्या स्फटिकांनी पिटो नळ्या तात्पुरत्या बंद झाल्या, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलट (विमान आपोआप चालवणारी यंत्रणा) बंद झाला, नाक वर उचलले गेल्याने विमान स्टॉलमध्ये गेले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. वेगाचे आकडे अविश्वसनीय झाल्यास नाकाचा कोन व इंजिनाची शक्ती ठरावीक ठेवावी, हे पायलटांना शिकवले जाते ते यासाठीच.