त्याला हुर्यो म्हणत नाहीत!

लेगस्लिप
शेजारच्या धाग्यावर एका सदस्याने लिहिलंय: "आपल्या पब्लिकला क्रिकेट बघायची अक्कल नाही. आपलाच फलंदाज बाद झाला की नाचतात, मध्येच देवाच्या नावाने आरोळ्या ठोकतात. रूटची तर त्याचेच लोक हुर्यो उडवतात. बाहेरच्या माणसाला काय वाटत असेल?" दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढला.

आधी रूट, म्हणजे इंग्लंडचा फलंदाज जो रूट. इंग्लंडचे प्रेक्षक त्याचं नाव घेतात, "रूऽऽऽट". त्यातला ऊ लांबवला की टीव्हीवर 'बूऽऽऽ' ऐकू येतं. हुर्यो नाही ती, लाड आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या फुटबॉल संघात मॅथ्यू बूथ नावाचा उंचापुरा बचावपटू होता. 2009 च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये त्याच्या पायाशी चेंडू आला की अख्खं मैदान "बूऽऽऽथ" करायचं. परदेशी पत्रकारांचा समज झाला की संघात हा एकटा गोरा, म्हणून काळे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवतायत. प्रत्यक्षात तो तिथला लाडका गडी होता.

आता विकेट पडल्यावर नाचण्याचं. 14 नोव्हेंबर 2013, वानखेडे. शिलिंगफर्डच्या एकाच षटकात धवन आणि मुरली विजय दोघेही बाद झाले आणि मैदान उसळलं. कारण पुढचा फलंदाज चौथ्या क्रमांकाचा सचिन होता आणि ती त्याची शेवटची कसोटी होती. ती आरोळी विजयच्या जाण्याची नव्हती, जिन्यावरून खाली येणाऱ्या माणसाची होती. धावफलक पाहून आरोळीचा अर्थ लावाल तर चुकाल, पॅव्हिलियनच्या दाराकडे बघा.

राहिलं "गणपती बाप्पा... मोरया". वीस षटकं जोडी फुटत नसली की ही हाळी हमखास येते. वरच्या मजल्यावरून एक खणखणीत गळा पहिला अर्धा भाग देतो, उरलेला स्टँड दुसरा. शिकवावं लागत नाही, शब्द वाटावे लागत नाहीत, कुठे थांबायचं ते प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक. गोलंदाजाला जोर यावा म्हणून ती दिली जाते. "मुंबईचा राजा, रोहित शर्मा" हीसुद्धा त्याच घरातली. बाहेरच्याला वाटतं, राजेशाही थाटाची स्तुती चाललीय. इथल्या माणसाच्या कानात आधी गणेशगल्लीचा गणपती, 'मुंबईचा राजा', वाजतो.

कट्टेकर
असहमत. अर्थ सांगून झाले, पण तुम्ही एक बाजू गाळलीत. घोषणा ज्याच्या कानावर पडते त्याचं काय? मे 2023 मध्ये जडेजाने सामन्यानंतर हसत हसत सांगितलं होतं की मी वरच्या क्रमांकावर खेळायला आलो तर लोक माझ्या बाद होण्याची वाट बघतात, कारण त्यांना धोनी हवा असतो. जडेजा बाहेरचा आहे का? त्याला चेन्नईच्या चेपॉकचं पब्लिक कळत नाही का? सगळं कळूनही ते त्याला बोचलंच ना. मग विजयला 2013 मध्ये काय वाटलं असेल?

'बाहेरच्यांना कळत नाही' ही ढाल फार सोयीची असते. ऑक्टोबर 2007 आठवा. वडोदऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला माकडाचे आवाज काढून डिवचलं, तेव्हा स्थानिक पातळीवरून आधी सांगितलं गेलं की गैरसमज झालाय. सहा दिवसांनी, 17 तारखेला, तेच वानखेडेवर घडलं. तिथे छायाचित्रकारांनी हावभाव करणारे चेहरेच टिपले आणि चौघांना ताब्यात घेतलं गेलं. तिथे कसला आलाय सांस्कृतिक संदर्भ?

ध्वनिवेडा
रूटपुरतं तांत्रिक बोलतो, कारण दोघेही कानावर विसंबून भांडताय.

'बू' आणि 'रूट' यांत फरक काय? सुरुवातीचं व्यंजन आणि शेवटचा 'ट'. 'ट' हा क्षणभराचा स्फोट आहे. त्याची ताकद वरच्या पट्टीत, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पुढे असते, आणि ती मुळातच थोडी. 'ऊ'चा जोर पाचशे हर्ट्झच्या खाली. हजारो माणसं एकाच क्षणी 'ट' म्हणत नाहीत, मागेपुढे होतात. त्यामुळे सगळे 'ट' एकमेकांत विरघळतात आणि लांबवलेला 'ऊ' तेवढा साचत जातो. त्यात मैदानाचे माइक सीमारेषेजवळ असतात आणि कॉमेंट्रीखाली गर्दीचा आवाज दाबलेला असतो. उरतो तो फक्त घुमारा.

ओळखायचं कसं? एक, टाळ्या ऐका. हुर्यो उडवताना कुणी टाळ्या वाजवत नाही, 'रूट'च्या शेवटी हमखास वाजतात. दोन, वेळ बघा. नावाचा घोष फलंदाज आत येताना, चौकार गेल्यावर, पन्नास झाल्यावर होतो. हुर्यो निर्णयावर, संथ खेळीवर किंवा नकोशा माणसावर येते. तीन, सूर. हुर्यो वेड्यावाकड्या सुरू होतात आणि खाली घसरत जातात. नावाचा 'ऊ' एका पट्टीत टिकतो.

खडूस मुंबईकर
तुम्ही घोषणांच्या अर्थावर भांडताय, पण घोषणा उरल्यात कुठे? डीजेने मारल्या.

टी-ट्वेंटीत वीस षटकांना, टाइमआउट सोडून, 85 मिनिटं धरतात. म्हणजे एका चेंडूला सरासरी 42 सेकंद. त्यातून गोलंदाजाची धाव आणि प्रत्यक्ष चेंडू वजा करा, हातात तिसेक सेकंद येतात. घोषणा पेटायला काय लागतं? एकजण ओरडतो, कुणी साथ देत नाही. तो पुन्हा ओरडतो, मागच्या दोन रांगा धरतात, मग शेजारचा ब्लॉक. एवढ्यात पंधरा सेकंद गेले. आणि चेंडू थांबल्या थांबल्या भोंग्यातून तुतारी वाजते, गाणं सुरू होतं. पहिल्याच पायरीवर घोषणा मेली! गोलंदाज धावायला लागला की गाणं बंद होतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष चेंडूकडे असतं.

भोंगा "हाऊज द जोश" विचारणार आणि तीस हजार माणसं शाळेच्या प्रार्थनेसारखं उत्तर देणार, याला घोषणा म्हणायचं?

लेगस्लिप
@कट्टेकर, सायमंड्सच्या प्रकरणाला मी कुठे संस्कृती म्हटलं? तो निखळ वर्णद्वेष होता, त्यात 'समजून घेण्यासारखं' काहीही नाही. तुम्ही त्याची सांगड 'मोरया'शी घालताय हे मला संतापजनक वाटतं. एका कोपऱ्यातल्या चौघांच्या पापाचा हिशेब वानखेडेच्या अख्ख्या नॉर्थ स्टँडकडे मागू नका.

कट्टेकर
संताप आवरा. मी सांगड 'मोरया'शी घातलेली नाही, 'गैरसमज झाला' या वाक्याशी घातलीय. दोन्हीकडे तेच वाक्य वापरलं जातं. मेक्सिकोचं बघा. प्रतिस्पर्धी गोलकीपर चेंडू मारतो त्या क्षणी त्यांचे प्रेक्षक एक शब्द ओरडतात. तो समलिंगी पुरुषांसाठी शिवी आहे. त्यांचाही दावा हाच की आमच्याकडे त्याचा तसा अर्थ नाही, बाहेरच्यांना कळत नाही. 2014 च्या विश्वचषकात फिफाने ते ऐकून घेतलं आणि कारवाई केली नाही. पुढे दंड झाले, रिकाम्या मैदानात खेळायची शिक्षा झाली, तरी सवय सुटेना. 2023 मध्ये अमेरिकेविरुद्धचा सामना पंचांना वेळेआधी संपवावा लागला. पहिल्यांदाच कान उपटला असता तर?

ध्वनिवेडा
या उदाहरणात एक फरक आहे. तिथे शब्द स्पष्ट ऐकू येतो आणि त्याचा कोशातला अर्थही शिवीच आहे. रूटच्या बाबतीत शब्दच चुकीचा ऐकू येतो. हे दोन वेगळे गैरसमज आहेत. पहिल्यात ऐकणाऱ्याची चूक नाही.

नॉर्थ स्टँड वरचा मजला
तिसरा गैरसमज कुणीच घेतला नाही, आणि वानखेडेवर तोच सगळ्यात जास्त होतो. शब्द गोड, रोख कडू. 1 एप्रिल 2024, मुंबई विरुद्ध राजस्थान. रोहितच्या जागी मुंबईचा कर्णधार झालेला हार्दिक नाणेफेकीला आला आणि हुर्यो इतकी झाली की समालोचक मांजरेकरांना माइकवरून पब्लिकला नीट वागा म्हणावं लागलं. ती हुर्यो होती, कुणाचाही गैरसमज नाही. पण त्या मोसमात "रोहित, रोहित" चालायचं, ते नवख्याला कौतुक वाटेल. ते हार्दिकला टोचायला होतं. दिल्लीला 11 ऑक्टोबर 2023 रोजी कोहलीशी आधी वाजलेल्या अफगाणिस्तानच्या नवीन-उल-हकसमोर "कोहली, कोहली" झालं तेही तसंच. शेवटी कोहलीनेच हाताने थांबा म्हणून खुणावलं. त्याला नेमकं कळलं होतं की आपलं नाव दगडासारखं वापरलं जातंय.

आणि 4 जुलै 2024 ला विश्वचषक घेऊन संघ वानखेडेवर आला तेव्हा त्याच मैदानात "हार्दिक, हार्दिक" झालं. एप्रिलपासून जेमतेम तीन महिने उलटले होते... मोजा, तीन महिने आणि तीन दिवस. तर घोषणेत नाव कुणाचं आहे ते नंतर बघा, त्या क्षणी कॅमेरा कुणावर आहे ते आधी.

खडूस मुंबईकर
कॅमेऱ्याचं बरोबर बोललात! मोठ्या पडद्यावर चेहरा दाखवला की ओरडायचं, हीही डीजेचीच भावंडं. पूर्वी पब्लिक मैदानाकडे बघून ओरडायचं.

कट्टेकर
'पूर्वी'चं कौतुक पुरे. मार्च 2006, इंग्लंडविरुद्ध कसोटी. सचिन 1 धावेवर बाद झाला तेव्हा याच वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली. तेव्हा कुठला डीजे होता?

खडूस मुंबईकर
नव्हता, आणि म्हणूनच ती पब्लिकची स्वतःची होती. वाईट होती, पण खरी होती. भोंग्याने ओरडायला सांगितलेल्या कौतुकापेक्षा मला ती चालेल.

आणि हे फक्त आपलं रडगाणं नाही. 2007 चा विश्वचषक वेस्ट इंडीजमध्ये झाला, तेव्हा वाद्यं आत न्यायला आधी परवानगी लागत होती. शंख, पत्र्याचे डबे, ढोल यांवरच ज्यांचं क्रिकेट पोसलं, त्यांच्याच दारात! महाग तिकिटं आणि गप्प स्टँड्स, अशी त्या स्पर्धेची आठवण उरली. आपल्याकडे बॅग आणि पाण्याची बाटलीही दाराशी अडते, ढोल-ताशा तर दूरच. वाद्य आत नाही, गळ्यावर भोंगा, मग राहिलं काय?

ध्वनिवेडा
भोंग्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. मैदान मोठं असतं. समोरासमोरच्या स्टँडमध्ये 170 मीटर अंतर धरा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे पलीकडची घोषणा तुमच्यापर्यंत अर्ध्या सेकंदाने पोचते. "रोहित, रोहित" साधारण सेकंदाला एक या गतीने चालतं. पलीकडच्यांनी ऐकून साथ दिली की मैदानाच्या मध्यावर त्यांचा 'रोहित' तुमच्या दोन 'रोहित'च्या बरोबर मध्ये पडतो आणि सगळ्याचा काला होतो. भोंगे सगळीकडे एकाच वेळी वाजतात, त्यामुळे ताल धरला जातो.

"सचिऽऽऽन, सचिन" अख्ख्या मैदानात टिकायचं त्याचं कारणही हेच. पहिला शब्द इतका लांबवायचे की अर्ध्या सेकंदाचा उशीर त्या स्वरातच गिळला जायचा. मध्ये टाळ्यांची जागा होती, तिथे मागे पडलेले स्टँड पुढच्यांना गाठायचे. 'मोरया'लाही असाच श्वास आहे. ज्या घोषणेत थांबा नाही ती एका स्टँडपुरतीच राहते.

नॉर्थ स्टँड वरचा मजला
हे पटलं. वर छताचं कापड आहे, त्यावरून आवाज परत खाली येतो, म्हणून वरच्या मजल्यावरून दिलेली हाळी जास्त पेटते. खालच्या रांगांतून सुरुवात केलेली बहुतेक वेळा कठड्याशीच विझते.

खडूस मुंबईकर
म्हणजे तुम्हीच सिद्ध केलंत की चांगल्या घोषणेला भोंगा लागत नाही! 2 एप्रिल 2011 ला, विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, कुठल्या डीजेने आवाज केला होता? नाणेफेकीला श्रीलंकेच्या संगकाराने काय मागितलं ते सामनाधिकारी जेफ क्रोंना ऐकूच गेलं नाही, नाणं दुसऱ्यांदा उडवावं लागलं. निव्वळ गळे होते ते.

लेगस्लिप
धागा भोंग्यात गेलाय, पण हे उदाहरण माझ्याच कामाचं. मैदानात दोन हातांवर उभ्या माणसालाही शब्द कळला नाही. मग हजारो मैलांवर टीव्हीसमोर बसलेल्याने हुर्यो ओळखली म्हणणं किती धाडसाचं?

@कट्टेकर, जडेजाचा मुद्दा मात्र मी गाळला होता, हे मान्य करावं लागतंय. विजयच्या बाबतीतही. आरोळी त्याच्यासाठी नव्हती, हे त्याला परतताना कुणी सांगितलेलं नसतं.

कट्टेकर
एवढं आलं तुमच्याकडून, पुष्कळ झालं. रूटपुरतं मीही मागे घेतो. बूथचंही. 'मोरया'ला माझा विरोध आधीही नव्हता. पण "रोहित, रोहित" म्हणून हार्दिकला टोचणारे उद्या 'आम्ही तर कौतुकच करत होतो' म्हणाले, तर मी इथेच येऊन 2007 काढणार.

खडूस मुंबईकर
काढा. पण त्याआधी कुणीतरी मुंबई क्रिकेट संघटनेला एवढं लिहा: विकेट पडल्यानंतर नवा फलंदाज येईपर्यंतचा पहिला अर्धा मिनिट भोंगा बंद ठेवा. फक्त विकेटनंतर, प्रत्येक चेंडूला नको. तेवढ्यात "सचिन"सारखी एखादी घोषणा पुन्हा जन्माला येते की नाही ते कळेल.

ध्वनिवेडा
अर्धा मिनिट पुरतो. पण पडद्यावरची जाहिरातही तेवढा वेळ मुकी ठेवायला सांगा, नाहीतर भोंगा बंद होऊन उपयोग नाही. आणि लिहिताना 'मौन' शब्द वापरू नका, श्रद्धांजली वाटेल.